चुकलेल्या उत्तरांचे शहर : जिनिव्हा आणि बालबुद्धीच्या अवस्था

मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याच्या बुद्धीत काहीतरी पालटते, ही जाणीव मानसशास्त्र नावाच्या विद्याशाखेपेक्षा कितीतरी जुनी आहे. उत्तरकालीन रोमन कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला आपल्या शब्दाची जबाबदारी घेऊ न शकणारे मानले. कॅथलिक चर्चने ‘विवेकाचे वय’ सातव्या वर्षाच्या आसपास धरले आणि पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये काढलेल्या आदेशाने ते पुन्हा पक्के केले. मनुस्मृतीसारख्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी ब्राह्मण मुलाचे उपनयन गर्भापासून आठव्या वर्षी करावे असे सांगितले, आणि ‘आठव्या वर्षी मुंज’ हा हिशेब कित्येक मराठी घरांत अजूनही केला जातो. त्याच ग्रंथांनी क्षत्रियासाठी अकरावे आणि वैश्यासाठी बारावे वर्ष नेमून दिलेले असल्याने हा हिशेब केवळ मुलाच्या समजुतीचा नव्हता, समाजातील त्याच्या जागेचाही होता, हे उघड आहे. परंतु या सगळ्या परंपरांमध्ये एक गोष्ट समान होती : मुलाच्या हाती काय सोपवावे आणि कधी सोपवावे, हे त्या सांगत, त्या वयाच्या आधी मूल जगाकडे नेमके कसे पाहत असते, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने उद्भवतच नव्हता. तो प्रश्न चिकाटीने आणि पद्धतशीर विचारला गेला तो प्रामुख्याने एका शहरात, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हात, १९२१ पासून पुढच्या तीन-चार दशकांत. आणि त्याच्या उत्तरातून ‘बोधात्मक विकासाच्या अवस्था’ ही कल्पना, म्हणजे जाणणे, ओळखणे, आठवणे आणि तर्क करणे या शक्ती ठरावीक क्रमाने घडत जातात असे सांगणारी मांडणी, आकाराला आली.

जिनिव्हाचा या विषयाशी संबंध त्याहून जुना होता, आणि तो फारसा सुखाचा नव्हता. १७१२ मध्ये याच शहरात एका घड्याळजीच्या घरी जन्मलेल्या झाँ-झाक रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बालपणाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला स्वतःचे शिक्षण असते असे प्रतिपादन केले, आणि मुलाला लहान आकाराचा प्रौढ समजू नये असा आग्रह धरला. ग्रंथातील धर्मविषयक विचारांमुळे पॅरिसप्रमाणेच जिनिव्हाच्या सत्ताधाऱ्यांनीही त्याची जाहीर होळी केली आणि रूसोला स्वतःच्या शहरात येणे अशक्य झाले. दीडशे वर्षांनी, रूसोच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या मुहूर्तावर, म्हणजे १९१२ मध्ये, त्याच शहरात एदुआर क्लापारेद या वैद्य-मानसशास्त्रज्ञाने शिक्षणशास्त्राची संस्था काढली आणि तिला रूसोचे नाव दिले. ज्याचे पुस्तक जाळले त्याच्या नावाने शिक्षक घडवावेत, एवढा बदल शहराच्या मनात तोवर झालेला होता. पिएर बोव्हे संस्थेचे संचालक झाले. शिक्षकाने मुलाकडून शिकावे, या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य संस्थेने घेतले. आणि हे वाक्य भिंतीवर राहू नये म्हणून पुढच्याच वर्षी मिना ओदमार आणि लुईझ लाफांदेल यांनी संस्थेला जोडून ‘मेझाँ दे प्ती’, म्हणजे चिमुकल्यांचे घर, ही छोटी शाळा सुरू केली. मुलांनी वस्तू हाताळाव्यात, आपापसात बोलावे, आपला उद्योग आपणच निवडावा, अशी तिची रीत होती. या शाळेचा उल्लेख मानसशास्त्राच्या पुस्तकांत सहसा ओझरता येतो. वास्तविक, मुले मोकळेपणी बोलतात अशी जागाच नसती तर त्यांचे बोलणे टिपून घेण्याचा प्रश्नही आला नसता.

रूसोचे टप्पे निरीक्षणातून नव्हे, कल्पनेतून आले होते. प्रत्यक्ष मुलाकडे पाहून नोंदी करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि ती रुजवणारे बहुतेक लोक बाप होते. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाविषयी केलेल्या जुन्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. जर्मनीत विल्हेल्म प्रायर या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांवर १८८२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांनी १८९० च्या सुमारास आपल्या दोन मुलींवर छोटे छोटे प्रयोग केले आणि त्यांना असे आढळले की लहान मूल सोंगट्यांची संख्या मोजून नव्हे तर त्यांनी व्यापलेल्या जागेवरून ठरवते, मोठ्या सोंगट्यांचा ढीग त्याला संख्येनेही मोठा वाटतो. पुढे पन्नास वर्षांनी जिनिव्हात हाच मुद्दा एका संपूर्ण सिद्धांताचा पाया ठरला. बिने मात्र त्या वाटेने फार पुढे गेले नाहीत, कारण फ्रान्समधील सक्तीच्या शिक्षणाने त्यांच्यापुढे वेगळेच काम आणून ठेवले : वर्गात मागे पडणारी मुले ओळखण्याचे साधन हवे होते, आणि त्यासाठी त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. चाचणीत बरोबर उत्तरे मोजायची असतात. चुकीच्या उत्तराला तिथे शून्य एवढीच किंमत असते.

या शून्याकडे ज्याचे लक्ष गेले तो माणूस शिक्षणशास्त्रातून आलेला नव्हता, मानसशास्त्रातूनही नव्हता. झाँ पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी जिनिव्हाच्या ईशान्येस, तळ्याकाठच्या नशातेल या गावी झाला. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते. या मुलाने शाळकरी वयातच, १९०७ मध्ये, एका बागेत दिसलेल्या पांढऱ्या चिमणीविषयी स्थानिक निसर्गमंडळाच्या पत्रिकेत छोटेसे टिपण छापून आणले, आणि त्यानंतर नशातेलच्या निसर्गइतिहास संग्रहालयाचे संचालक पोल गोदे यांच्या हाताखाली शंखशिंपल्यांचे वर्गीकरण शिकून घेतले. मृदुकाय प्राण्यांवर, म्हणजे गोगलगाय, शिंपला अशा मऊ शरीराच्या आणि बहुधा कवचधारी प्राण्यांवर, त्यांचे लेख विद्यार्थिदशेतच प्रसिद्ध होऊ लागले आणि १९१८ मध्ये त्याच विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. तळ्यातील एका जातीच्या गोगलगाईने त्यांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. शांत पाण्यात तिचे कवच लांबट असते, लाटांचा मारा सोसणाऱ्या काठावर ते आखूड आणि फुगीर होते. आणि अशा आखूड कवचाची प्रजा शांत पाण्यात आणून वाढवली तरी तिचा आकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, असे त्यांनी १९२९ मध्ये मांडले. प्राणी परिस्थितीला नुसता शरण जात नाही आणि परिस्थितीला नुसता वाकवतही नाही, दोहोंच्या देवघेवीतून त्याचा आकार ठरतो, हा धडा त्यांनी कवचावरून घेतला आणि बुद्धीला लावला. पियाजे यांच्या सिद्धांतातील ‘सात्मीकरण’, म्हणजे नवा अनुभव आपल्या जुन्या चौकटीत पचवून घेणे, आणि ‘समायोजन’, म्हणजे अनुभव पचत नाही तेव्हा चौकटच बदलणे, या दोन संज्ञा शिक्षकांच्या कानांवर मानसशास्त्राच्या म्हणून पडतात. परंतु त्यांची नाळ जीवशास्त्राशी आहे, आणि मानसशास्त्रात त्या जेम्स मार्क बॉल्डविन या अमेरिकन विचारवंताने पियाजे यांच्या आधीच आणल्या होत्या, हे ध्यानात ठेवायला हवे.

१९१९ मध्ये पियाजे पॅरिसला गेले. बिने यांचे १९११ मध्येच निधन झालेले होते. त्यांच्या शाळेतील प्रयोगशाळा सिमाँ यांच्या ताब्यात होती आणि त्यांना इंग्लंडमधील सिरिल बर्ट यांच्या तर्कचाचण्या पॅरिसच्या मुलांसाठी प्रमाणित करून हव्या होत्या, म्हणजे कोणत्या वयाची किती मुले कोणता प्रश्न सोडवू शकतात याचे कोष्टक हवे होते. काम कंटाळवाणे होते. बर्ट यांचा एक प्रश्न तीन मुलींच्या केसांविषयी आहे : पहिली दुसरीपेक्षा उजळ केसांची, तीच पहिली तिसरीपेक्षा गडद केसांची, तर सर्वांत गडद केस कोणाचे? मोठ्यांना क्षणभर विचार करून दुसरीचे नाव सांगता येते. लहान मुले मात्र पुष्कळदा तिसरीचे नाव घेत, आणि का असे विचारल्यावर जे सांगत त्यावरून पियाजे यांना दिसले की मूल ‘पेक्षा’ हा संबंध धरतच नाही. ते पहिल्या दोघींना उजळ आणि पहिली-तिसरीला गडद ठरवते, मग तिसरी सर्वांत गडद, दुसरी सर्वांत उजळ आणि पहिली अधलीमधली, असा निकाल लावते. उत्तर चुकीचे होते, पण त्यामागे रीत होती; आणि तशीच रीत त्या वयाच्या दुसऱ्या मुलांच्या उत्तरांतही आढळत होती. ज्याने शंखांची लहानपणापासून वर्गवारी केली त्याला चुकांचीही वर्गवारी करावीशी वाटली, यात नवल नाही. मुलांशी बोलताना त्यांनी ठरावीक प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मनोरुग्णालयात वैद्य रुग्णाशी ज्या पद्धतीने बोलतो ती उचलली : उत्तराच्या मागे मागे जायचे, सुचवायचे नाही, पण मूल भरकटू लागले तर त्याला सोडायचेही नाही. या पद्धतीला पुढे ‘चिकित्सक पद्धती’ असे नाव मिळाले.

पॅरिसमधील हे लेखन वाचून क्लापारेद यांनी १९२१ मध्ये पंचविशीतल्या पियाजे यांना जिनिव्हाच्या संस्थेत संशोधनप्रमुख म्हणून बोलावले. पहिले काम मेझाँ दे प्तीमध्येच झाले. सहा वर्षांच्या दोन मुलांपाशी सकाळच्या वर्गात निरीक्षक बसत आणि ती काय बोलतात, कोणत्या प्रसंगी बोलतात, हे सुमारे महिनाभर शब्दशः उतरवून घेत. प्रत्येकाची हजाराहून अधिक वाक्ये जमली, ती क्रमांक देऊन वेगळी केली, आणि असे दिसले की जवळजवळ निम्मे बोलणे कोणाला उद्देशून नव्हतेच; एका मुलाच्या बाबतीत हे प्रमाण ०.४७ आणि दुसऱ्याच्या बाबतीत ०.४३ भरले. मुले शेजारी शेजारी बसून बोलत होती, पण एकमेकांशी नव्हे. याला पियाजे यांनी ‘आत्मकेंद्री भाषण’ म्हटले. ही संज्ञा पुढे बरीच गैरसमजाची ठरली, कारण आत्मकेंद्री म्हणजे स्वार्थी असा अर्थ लोकांनी घेतला. पियाजे यांना एवढेच म्हणायचे होते की समोरच्याला आपल्यापेक्षा वेगळी बाजू असते हे त्या वयात मुलाच्या ध्यानात येत नाही. १९२३ मध्ये हे संशोधन पुस्तकरूपाने आले आणि त्यापाठोपाठ १९३२ पर्यंत आणखी चार पुस्तके आली, ज्यांत मुलांना सूर्य, वारा, स्वप्न, विचार, नाव, गोट्यांच्या खेळाचे नियम आणि खोटे बोलणे यांविषयी विचारलेले प्रश्न आहेत. चंद्र आपल्याबरोबर चालतो, ढग आपल्या मनाने जातात, विचार तोंडाने करतात, वस्तूचे नाव वस्तूतच असते, अशी उत्तरे जिनिव्हाची मुले देत. मराठी घरांत चांदोबाला मामा म्हणून जेवायला बोलावणाऱ्या मोठ्यांना ही उत्तरे अगदीच अनोळखी वाटू नयेत, मात्र मोठ्यांच्या लेखी तो खेळ असतो आणि मुलाच्या लेखी ती वस्तुस्थिती असते.

तोवर हे सारे बोलत्या मुलांविषयी होते. १९२३ मध्ये पियाजे यांचा विवाह संस्थेतील विद्यार्थिनी व्हॅलेंतीन शातने यांच्याशी झाला आणि १९२५, १९२७ व १९३१ मध्ये जाकलीन, ल्युसिएन व लोराँ ही तीन मुले जन्मली. या तिघांच्या पाळण्याशेजारी दोघा पतिपत्नींनी केलेल्या नोंदींवर १९३६, १९३७ आणि १९४५ मधील तीन ग्रंथ उभे आहेत. दुधाची बाटली उलटी दिली तर तान्हे मूल बुडाचीच बाजू चोखू लागते आणि बूच दिसत नाही म्हणून बाटली फिरवत नाही. खेळणे कापडाखाली गेले की ते जगातून गेल्यासारखे वागते. पुढे शोधू लागते, पण डोळ्यांदेखत जागा बदलली तरी पहिल्याच जागी शोधते. वस्तू नजरेआड झाली तरी असतेच, या समजुतीला ‘वस्तुस्थायित्व’ म्हणतात, आणि ती जन्मजात नसून पहिल्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमवावी लागते, असा पियाजे यांचा दावा होता. सोळा महिन्यांच्या ल्युसिएनची नोंद सर्वांत प्रसिद्ध आहे. काड्यापेटीत घातलेली साखळी तिला काढायची होती, फट अरुंद होती. तिने थोडा वेळ फटीकडे पाहिले, स्वतःचे तोंड आधी जरासे, मग अधिकाधिक उघडले, आणि नंतर लगेच फटीत बोट घालून पेटी उघडली. ‘उघडणे’ या विचाराला शब्द नव्हता, म्हणून त्याची जागा तोंडाने घेतली. जिथे हालचालच विचाराचे काम करते त्या काळाला ‘संवेदन-कारक अवस्था’ हे नाव पडले. कारक म्हणजे हालचाल घडवणारा. डायरी लिहिणाऱ्या बापांच्या जुन्या परंपरेत ही नोंद बसते, पण डार्विन-प्रायर यांनी मूल काय करते ते लिहिले, तर पियाजे यांनी प्रत्येक वेळी काहीतरी मध्येच बदलून मूल काय करील ते पाहिले.

ज्या प्रयोगांमुळे पियाजे यांचे नाव शाळांपर्यंत पोहोचले ते मात्र एकट्याचे नव्हते, आणि ही बाब पाठ्यपुस्तकांत नीट येत नाही. १९३२ मध्ये सेंट गालेनहून जिनिव्हाला आलेल्या बेर्बेल इनहेल्डर या तरुण विद्यार्थिनीने पाण्यात विरघळणाऱ्या साखरेविषयी मुलांशी बोलायला सुरुवात केली : साखर दिसेनाशी झाली, मग ती आहे का, पाण्याचे वजन वाढले का, पातळी वर राहील का? आलिना शेमिन्स्का या पोलिश संशोधिकेने संख्येच्या कल्पनेवर काम केले. ती युद्धकाळात आउश्वित्झच्या छळछावणीत होती आणि तेथून वाचली. १९४१ मध्ये शेमिन्स्कासह संख्येवरचा आणि इनहेल्डरसह परिमाणांवरचा असे दोन ग्रंथ निघाले, आणि ‘अक्षय्यता’ ही संज्ञा त्यांतून पुढे आली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मराठी विद्यार्थ्याला शाळेतल्या विज्ञानातून ठाऊक असतो. इथेही अर्थ तोच, रूप बदलले तरी राशी बदलत नाही. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी मुलाला दाखवतात, त्यातील एक पेला उंच निमुळत्या भांड्यात ओततात, आणि विचारतात : आता दोन्हीकडे सारखेच आहे की एकीकडे जास्त? चार-पाच वर्षांचे मूल उंच भांड्याकडे बोट दाखवते. मातीच्या दोन सारख्या गोळ्यांपैकी एकाची वळकटी केली की वळकटीत माती जास्त होते, फुलांची ओळ पसरली की फुले वाढतात. पेटीत बहुसंख्य तपकिरी आणि थोडे पांढरे असे लाकडी मणी असतील तर तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त, या प्रश्नाला मूल ‘तपकिरी’ असे उत्तर देते, कारण भाग आणि अख्खे यांना एकाच वेळी मनात धरणे त्याला जमत नाही. सात-आठ वर्षांच्या सुमारास तेच मूल आधीचा प्रश्न बालिश ठरवते आणि कारणेही देते : परत ओतले तर होते तेवढेच होईल, हे उंच आहे पण ते रुंद आहे, काही घातले नाही, काही काढले नाही. यातील पहिले कारण पियाजे यांना सर्वांत मोलाचे वाटले. मनातल्या मनात करता येणारी आणि मनातच उलट फिरवता येणारी कृती म्हणजे त्यांच्या परिभाषेत ‘क्रिया’. ती नसलेला साधारण दोन ते सात वर्षांचा काळ ‘पूर्वक्रियात्मक’, आणि ती प्रत्यक्ष वस्तूंपुरती जमणारा सात ते अकरा-बारापर्यंतचा काळ ‘मूर्त क्रियात्मक’.

चौथी अवस्था सर्वांत उशिरा लिहिली गेली आणि ती मुख्यत्वे इनहेल्डर यांच्या प्रयोगांची देणगी आहे. १९५५ मध्ये दोघांच्या नावे आलेल्या ग्रंथात किशोरवयीन मुलांना लंबक देऊन त्याच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ कशाने बदलतो ते शोधायला सांगितले आहे : दोरीची लांबी, टांगलेले वजन, सोडण्याची उंची की दिलेला धक्का? लहान मूल एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलते आणि भलताच निष्कर्ष काढते; बारा-तेरा वर्षांनंतरचे मूल, निदान त्या प्रयोगांतले, बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलते, म्हणजे शक्यतांची यादी आधी मनात करते आणि मग वस्तूंना हात लावते. हीच ‘औपचारिक क्रियात्मक अवस्था’. अशा रीतीने चार पायऱ्यांचा जिना तीस-पस्तीस वर्षांत, खालून वर असा सरळ नव्हे तर मधून, मग तळातून आणि शेवटी माथ्याकडून बांधला गेला.

पियाजे यांच्या लेखी अवस्थेचे मर्म वयात नव्हते, क्रमात होते. आधीची अवस्था पुढच्या अवस्थेत विरून जाते, टाकून दिली जात नाही. म्हणून पायरी गाळता येत नाही, मात्र ती कोणत्या वर्षी चढली जाईल हे मुलावर, घरावर आणि समाजावर अवलंबून राहते, असे त्यांनी वारंवार सांगितले. त्यांच्याच आकड्यांनी हा जिना तितका सरळ नसल्याचेही दाखवले होते. मातीच्या गोळ्यात माती तेवढीच राहते हे मुलाला सात-आठव्या वर्षी पटते, तिचे वजन तेवढेच राहते हे नऊ-दहाव्या वर्षी, आणि तिचे आकारमान तेवढेच राहते हे अकरा-बाराव्या वर्षी. तर्क एकच असताना तो तीन वेळा, दोन-दोन वर्षांच्या अंतराने का कमवावा लागतो? पियाजे यांनी या अंतराला नाव दिले, पण नाव देणे म्हणजे कारण देणे नव्हे, आणि सिद्धांतातील ही फट नंतरच्या टीकाकारांनी बरोबर हेरली.

सुरुवातीच्या टीकांपैकी बहुधा सर्वांत खोल टीका मॉस्कोहून आली. लेव्ह व्हिगॉट्स्की हे पियाजे यांच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जन्मले आणि १९३४ मध्ये क्षयाने गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्र काढत असलेल्या मुलाच्या कामात मुद्दाम अडथळे आणले, हवी ती पेन्सिल जागेवर ठेवली नाही. तेव्हा मुलाचे स्वतःशी बोलणे जवळपास दुप्पट झाले. यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की ते भाषण अपुऱ्या बुद्धीचे लक्षण नसून अडचण सोडवण्याचे हत्यार आहे आणि वाढत्या वयात ते नाहीसे होत नाही, आत वळून मूक विचार बनते. हे विचार मांडणारे व्हिगॉट्स्की यांचे पुस्तक इंग्रजीत १९६२ मध्ये आले, आणि त्यावरचे पियाजे यांचे उत्तरही तेव्हाच छापले गेले. उत्तर ज्याला द्यायचे तो जाऊन अठ्ठावीस वर्षे झालेली होती.

इंग्रजी भाषक जगाने पियाजे यांना दोनदा शोधले. पहिल्या पाच पुस्तकांची भाषांतरे लगोलग झाली, नंतर मधला काळ शांततेचा गेला, आणि १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची जी धावपळ उडाली तिच्यात पियाजे पुन्हा सापडले. या अवस्था लवकर गाठता येतील का, असे तेथील श्रोते हमखास विचारत. पियाजे त्याला ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणत. ब्रिटनमध्ये १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने प्राथमिक शिक्षणाची घडी बसवताना त्यांचा आधार घेतला. त्यानंतर दहाच वर्षांत, स्वतः जिनिव्हाला जाऊन आलेल्या एडिंबराच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी प्रयोगाची नव्हे, प्रश्नाची तपासणी केली. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ पसरवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटणारच. ओळ खोडकर टेडी-अस्वलाने ‘चुकून’ विस्कटली, असा देखावा केला तेव्हा पूर्वी चुकणारी कितीतरी मुले बरोबर उत्तर देऊ लागली. सेनेगलमधील वोलोफ मुलांमध्ये काम करताना पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांना १९६० च्या दशकात असेच दिसले होते : शाळेत न गेलेल्या मुलांपैकी काहींना पाणी वाढल्याचे कारण पाहुण्या बाईंची करामत वाटत होते, आणि पाणी स्वतः ओतायला दिले की समज पालटत होती. १९८५ मध्ये रेने बायारजाँ आणि सहकाऱ्यांनी मूल हाताने शोधते का हे न पाहता ते अशक्य दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहते का हे मोजले, आणि पाच महिन्यांच्या बाळांनाही लपलेल्या वस्तूचे अस्तित्व जाणवत असावे असा निष्कर्ष काढला. तो अद्याप वादाचा असला तरी पहिल्या पायरीचे वेळापत्रक त्याने ढिले केले एवढे निश्चित. या सर्व टीकेचे वैशिष्ट्य असे की ती पियाजे यांच्याच रीतीने झाली : मुलाचे उत्तर चुकले असे म्हणून न थांबता त्याला नेमके काय विचारले गेले असे वाटले, हे शोधणे.

पियाजे यांचे निधन १६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हात झाले. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार तोवर दुसऱ्या वाटेने येऊन स्थिरावलेला होता. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, अंगणात भरणारी वाडी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्यांचे प्रेरणास्थान मारिया माँटेसोरी होत्या. पियाजे स्वतः स्विस माँटेसोरी संघाचे अध्यक्ष होते, त्यामुळे दोन प्रवाहांचे मूळ फार दूर नव्हते. पण मराठी शिक्षकाला पियाजे भेटले ते मुख्यतः डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांतून, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ या जाडजूड शब्दातून. मूल ज्ञान घेत नाही, रचते, एवढाच त्याचा अर्थ. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी या शब्दाला वर्गातल्या फरशीवर उतरवले, तेथे मुले जमिनीवर आखलेल्या चौकटींत बसून खडे, काड्या आणि शब्दपट्ट्या मांडू लागली, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले.

पुस्तकांतून आलेले पियाजे मात्र कोष्टकाच्या रूपात आले : डावीकडे अवस्था, उजवीकडे वय, शून्य ते दोन, दोन ते सात, सात ते अकरा, अकरानंतर. नशातेलच्या गोगलगाई, मेझाँ दे प्तीतली बडबड, काड्यापेटीसमोर उघडलेले तोंड आणि ‘का’ असे पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस या कोष्टकात मावले नाहीत. राज्यातील शिक्षक पात्रता परीक्षेत, जी २०१३ पासून घेतली जाते, बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विभागाला तीस गुण आहेत आणि पियाजे यांच्या अवस्था हा तेथील नेहमीचा विषय आहे. प्रश्न चार पर्यायांचे असतात, उत्तरपत्रिकेवर एक वर्तुळ काळे करायचे असते, आणि उमेदवाराने भलतेच वर्तुळ का काळे केले हे त्याला कोणी विचारत नाही.